ती गोळी कुटायला मीच सांगितलं

चूक माझी होती. ती एका बाईच्या माथी मारली जात असताना मी शेजारीच पांढरा कोट घालून उभा होतो, हे त्याहून वाईट.

सोलापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत मी औषधं देतो. त्या सकाळी स्ट्रिप ओळखायला मला कॅज्युअल्टीत बोलावलं. कॉटवर नरसय्या मामा होते. जबड्याचा कॅन्सर. हयात एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर गेलेली. हाक मारली तरी जागे होत नव्हते. श्वास मधेच थांबल्यासारखा व्हायचा.

डॉक्टरांनी मामांच्या सुनेला, पद्माला विचारलं, गोळी कशी दिली?

"कुटून, मधातनं. गिळवत नव्हतं त्यांना."

"तुला डॉक्टरकी कुणी शिकवली?" तिचा नवरा श्रीनिवास म्हणाला. "म्हातारा जड झाला होता काय?"

"खिडकीवर सांगितलं की. ह्या सरांनी."

सगळे माझ्याकडं वळले.

"मी असं कसं सांगेन?" मी म्हणालो.

माझा कोट इस्त्रीचा होता आणि ती रडत होती. खरं कोण बोलतंय हे ठरवायला कुणाला वेळ लागला नाही.

सांगितलं मीच होतं. आदल्या दिवशी तिनं खिडकीतून विचारलं आणि मी मान वर न करता म्हणालो, "कुटून मधातून द्या." आमच्या धंद्यात हे वाक्य सरसकट सगळ्या गोळ्यांना लावतात. विचार करावा लागत नाही, रांग पुढं सरकते. स्ट्रिपवर एसआर लिहिलं होतं. ते वाचायचाच मला पगार मिळतो.

एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. ही मॉर्फिनची होती. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मग टाकी पुरवून वापरतो. तसा या गोळीत बारा तासांचा साठा असतो. ती कुटली, चावली, मोडली की टाकीच फुटते. सगळं औषध एकदम रक्तात जातं, माणूस गुंगीत बुडतो, श्वास मंदावतो. नीट घेतली तर हीच गोळी कॅन्सरच्या माणसाला दोन घास खाऊ देते, झोपू देते.

उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर मामांनी डोळे उघडले. पण उतारा औषधाच्या आधी ओसरतो, म्हणून त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं.

मी आमच्या इनचार्ज साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"लेखी दिलंय का काही?"

"नाही."

"मग कशाला अंगावर घेता? पेशंट वाचला ना?"

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पाटी लागली, डू नॉट क्रश. इंग्रजीत. आमच्या रांगेत तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी सगळं बोलतात, इंग्रजी तेवढं कुणी बोलत नाही. साहेबांनी पाटीचा फोटो काढून वर पाठवला. विषय संपला.

पद्माचा संपला नव्हता. औषध आता श्रीनिवास देत होता. गावाहून आलेल्या नणंदेनं तिला कॉटजवळ येऊ नको म्हणून बजावलं होतं. ती डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी राहायची. मी तिथून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मोबाइलमध्ये बघत गेलो. असला शूर माणूस मी.

डिस्चार्जच्या दिवशी औषधं समजावायला मलाच पाठवलं. मी पद्माला आत बोलवा म्हणालो. नणंदेनं तोंड फिरवलं. मग मी सांगितलं: गिळवत नसल्यामुळं डॉक्टरांनी ती गोळी बंद करून पातळ औषध दिलंय. माप आणि वेळ चिठ्ठीवर आहे तीच. दुखतंय म्हणून मनानं वाढवायचं नाही. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नाही. औषध कुलपात ठेवा. दुसऱ्या कुणाला पाठ दुखते म्हणून द्यायचं नाही. उरलेल्या गोळ्या आम्हाला परत आणा. फार गुंगी आली, श्वास मंदावला, तर वाट न बघता इथं या.

"हे तेव्हाच नीट ऐकलं असतं तर..." श्रीनिवास बायकोकडं बघत म्हणाला.

"तिनं नीटच ऐकलं होतं," मी म्हणालो. मला शिकायचं एवढंच होतं, की विचारणाऱ्याकडं मान वर करून बघावं. ते शिकायला एक म्हातारा मरता मरता वाचावा लागला.

"पद्माताई, कुटायला मीच सांगितलं होतं. आणि डॉक्टरांसमोर खोटंही मीच बोललो. मामा, तुमच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळं, हिच्यामुळं नाही. मला माफ करा."