मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीतून, व्हाया वैरागची विहीर

"डिसेंबरात येतेस का? मुंबईहून गोव्याला, शिडाच्या बोटीनं," असं नंदानं फोनवर विचारलं आणि मी पोळ्या लाटता लाटता हो म्हणून मोकळी झाले. नंदा ही माझी कॉलेजातली मैत्रीण. आता ती नवी मुंबईत असते आणि आणखी दोघांबरोबर मिळून एक शिडाची बोट बाळगते. मी सोलापुरात भूगोल शिकवते. अरबी समुद्र नकाशावर इतक्या वेळा दाखवलाय, की आमच्या शाळेच्या नकाशाला तिथं भोक पडलंय. प्रत्यक्षात मात्र मी समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी गेले नव्हते.

नंदाची अट एकच होती. बूट, टोपी, रेनकोट सगळं उसनं चालेल, लाइफ जॅकेट मात्र स्वतःचं आणि स्वतःच्या मापाचं हवं. माझे यजमान सुधीर, त्यांनी लगेच "जा की" म्हणून टाकलं. त्यांना घरात चार दिवस क्रिकेट बघायला मिळणार होतं. खरा प्रश्न होता वैरागला, म्हणजे माझ्या वडिलांचा, आण्णांचा.

आण्णांना तात्यांची आठवण होणार हे मला ठाऊक होतं. तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गावातला पट्टीचा पोहणारा. एकदा कॅनॉलमध्ये सूर मारला, डोकं दगडावर आपटलं. शुद्ध गेली आणि तसाच पालथा तरंगत राहिला. बाहेर काढला आण्णांनीच, पण उशीर झाला होता. म्हणून मी फोनवर जॅकेटचं कौतुक सांगायला लागले तेव्हा ते मध्येच म्हणाले, "सुमे, तुला पव्हता येतंय, मीच शिकीवलंय. पर बेसुद पडून पालथी झालीस, तर त्ये उताणी करतंय का? येवढं मला डोळ्यानं दाव. मग कुटं जायचं तितं जा." शेहेचाळिसाव्या वर्षी वडिलांची परवानगी कशाला, असं वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणेल. म्हणा. आण्णांना घोर लावून गेले असते तर मला गोवा गोड लागला नसता.

पहिली फेरी: मुंबई, खरेदीसाठी

ऑनलाइन घेऊ नका, हे आधीच सांगते. जॅकेट अंगावर चढवून बघायलाच हवं. मी सकाळच्या गाडीनं निघाले, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माझगावच्या बाजूला जहाजांचं सामान विकणारी दुकानं आहेत. नंदानं सांगितलेल्या दुकानात टॅक्सीनं गेले. दुकानदार गृहस्थ कोकणातले, चष्मा कपाळावर आणि बोलणं अगदी मोजून मापून.

मी जाताच म्हटलं, "माझं वजन जरा जास्त आहे, मोठ्यातलं मोठं द्या."

"वजनावर नसतं मॅडम. पाण्यात वजन कुठं लागतं? छातीचं माप सांगा," ते म्हणाले.

तुमच्यासाठी त्यांच्याकडून शिकलेलं थोडक्यात लिहिते. हवा भरलेली नसताना हे फुगणारं जॅकेट गळ्याभोवती दुमडलेल्या पट्ट्याएवढंच असतं, त्यामुळे काम करताना अडचण होत नाही. आत छोटं गॅसचं सिलिंडर, ते सुटलं की जॅकेट फुगून उघडतं. पाण्यात ते किती जोरानं वर उचलतं, त्याचा न्यूटनमधला आकडा जॅकेटवर लिहिलेला असतो. किनाऱ्यापासून लांब जायचं तर दीडशेच्या खालचं बघूच नका. जाड कपडे आणि अवजारं अंगावर घेऊन काम करणाऱ्यांसाठी पावणेतीनशेचं असतं, माझ्यासारखीला त्याची गरज नाही. नुसतं दोरी ओढून उघडणारं स्वस्त पडतं, पण बेशुद्ध माणूस दोरी कशी ओढणार? म्हणून आपोआप उघडणारंच हवं. त्यातही दोन प्रकार. एकात भिजलं की विरघळणारी गोळी असते. दुसरं पाण्याच्या दाबानं उघडतं, म्हणजे वीतभर पाण्याखाली गेलं तरच. दुसरं महाग. मी पहिलं घेतलं, शिवाय एक जादा सिलिंडर आणि गोळीचा संच. छातीवर पोलादी कडी आहे ना, ते बघून घ्या, कारण बोटीला स्वतःला बांधून ठेवायचा पट्टा तिथंच अडकतो. चांगल्या जॅकेटला साधारण वीसेक हजार मोजायची तयारी ठेवा.

मग त्यांनी एक वेगळं पाकीट पुढे केलं. "हे पट्टे दोन्ही मांड्यांमधून घ्यायचे आणि पुढे आणून अडकवायचे. घालून बघा."

दुकानात तीन-चार पुरुष उभे. मी पंजाबी ड्रेसमध्ये. मांड्यांमधून पट्टा घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहू? मी म्हटलं, "कमरेचा पट्टा घट्ट आवळते की. तेवढं पुरेल." ते एकदा म्हणाले, "पुरत नाही मॅडम." मी पाकीट पिशवीत टाकलं आणि पावती मागितली.

सोलापूर: नारळ

आमच्या घरात नवीन वस्तू आली आणि तिला नारळ फुटला नाही, असं होत नाही. स्कूटर झाली, फ्रिज झाला, माझ्या लेकीचा लॅपटॉपही सुटला नव्हता. सुधीरनी जॅकेट देवापुढे पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. मी स्वयंपाकघरात चहा उकळत ठेवला होता. बाहेर नारळ आपटल्याचा आवाज आला. सुधीरची पद्धत अशी, की पहिलं पाणी वस्तूवर, उरलेलं तोंडात.

पुढच्या क्षणी फाट्‌कन आवाज झाला, मागोमाग फुस्स आणि सुधीरची बोंब.

धावत गेले तर पाटावर पिवळंधमक जॅकेट टम्म फुगून बसलेलं, समई आडवी आणि हे भिंतीला चिकटलेले, हातात अर्धी वाटी.

"अगं, ह्याच्यात जीव आहे काय?" त्यांनी विचारलं.

मला इतका राग आला, की चहा उतू गेला तरी मी हलले नाही. आपोआप उघडणारं म्हणजे काय ते गाडीतून उतरल्यापासून दोनदा सांगितलं होतं. पण राग टिकेना. कारण नारळाचं पाणी पिऊन उघडलेलं जॅकेट आजवर कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. दोघंही पोट धरून हसलो. जादा संच घेतला होता म्हणून निभावलं. तुम्हीही घ्या, आणि पूजा केलीत तर कोरडी करा.

वैराग: विहीर

दुसऱ्या दिवशी रविवार. फुगलंच आहे तर तसंच नेऊ, नवा संच समुद्रासाठी राहू दे, असं ठरलं. सोलापूर-बार्शी रस्त्यानं वैरागला तासाभराची वाट, रस्ता ठीक आहे. मागच्या सीटवर जॅकेट पाहुण्यासारखं बसलेलं. वाटेतल्या वडाळा गावात चहाला थांबलो तर चहावाला काचेतून बघून म्हणाला, "ट्यूब हाय व्हय? टॅक्टरची दिसत न्हाय!"

आण्णांना नारळाची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले. "म्हंजी आपसूक उघडतंय, येवढं तर नारळानं दावलं. आता ऱ्हायलं उताणी करायचं."

मग शेतातल्या विहिरीवर गेलो. ह्याच विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी मला पोहायला शिकवलं होतं. मी जॅकेट घातलं, कमरेचा पट्टा आवळला, पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. सुधीर दोर घेऊन वर. आण्णा शेवटच्या कोरड्या पायरीवर, धोतर खोचून उभे. मी हातपाय सैल सोडले आणि पालथी झाले.

जॅकेटनं मला उलटवलं, ते खरं. पण त्याच वेळी ते सरकन वर सरकलं. छातीवर असायला हवं ते कानांपाशी आलं आणि मी त्याच्या आतून खाली घसरले. हनुवटी बुडाली, तोंड बुडालं. श्वास घ्यायला गेले तर नाकात पाणी. पोहता येत असूनही मला काही सुचेना, कारण हात वर केले की जॅकेट आणखी वर जात होतं. मी घाबरले होते.

मग पाण्यात काहीतरी धप्पकन पडलं. आण्णांनी उडी मारली होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, अंगावर धोतर-सदरा. त्यांनी माझा दंड धरला आणि जॅकेट खाली ओढलं. मी खोकत त्यांना बिलगले, आणि त्या पिवळ्या जॅकेटला धरून आम्ही दोघं तरंगत राहिलो. त्यांचं काळीज माझ्या खांद्याला धडधडत लागत होतं. "सुमे, सुमे," एवढंच म्हणत होते. मला रडू फुटलं.

वर आल्यावर सुधीरनी त्यांना टॉवेल दिला. आण्णा अंग पुसायचे सोडून माझ्या पिशवीकडं बघत होते. न फोडलेलं पाकीट वरच पडलं होतं.

"त्यात काय हाय?"

"पट्टे. मांड्यांमधून घ्यायचे. जॅकेट वर सरकू नये म्हणून."

"मग का न्हाय घातलं?"

मी सांगितलं. दुकानात माणसं होती, इथं तुम्ही दोघं होता.

आण्णांना राग आला की काय ते कळेना. ओला सदरा पिळत म्हणाले, "तात्याला बाहेर काढला तवा त्याच्या अंगावर काय हाय, काय न्हाय, कुनी बगितलं न्हाय. नाकाला सूत लावून श्वास हाय का बगत हुती सगळी." मग ते माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. सुधीरना म्हणाले, "जावईबापू, तुमीबी तिकडं तोंड करा."

दोघं बांधाकडं बघत उभे, आणि मी विहिरीच्या काठावर पट्टे अडकवले. मिनिटभराचं काम होतं.

आण्णा नको म्हणत होते, तरी मी दुसऱ्यांदा उतरले. तेव्हा मात्र उलटले ती थेट पाठीवर. नाक-तोंड पाण्याच्या चांगलं वर, मान टेकलेली, वर विहिरीच्या गोलातलं आभाळ. मी डोळे मिटून, हातपाय न हलवता पडून राहिले. आण्णांनी पायरीवर बसून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हां. जा आता."

समुद्र

नवा संच बसवून मुंबई गाठली. सिलिंडर हातानं घट्ट फिरवून बघायचं, ते सैल असेल तर सगळंच व्यर्थ. जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून घातलं तर उघडताना गळाच आवळेल.

सकाळी निघालो. नंदा, तिचा नवरा आणि मी. दुपारनंतर वारा भरला, बोट एका अंगावर कलून पळायला लागली आणि मला मुरूडच्या पुढं उलट्या सुरू झाल्या. कडक भाकरीचा कोरडा तुकडा चघळत राहिले, तेवढंच पोटात राहत होतं. समुद्रावर जाणाऱ्यांनी सोलापूरची भाकरी जरूर न्यावी. दुसऱ्या दिवशी बरी झाले, सुकाणू धरलं, नकाशावर बोट ठेवून ज्यांची नावं घोकून घेते ती बंदरं डाव्या हाताला एकामागून एक जाताना बघितली. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग. आनंदानं मला बोलवत नव्हतं.

एकदा पुढं जाऊन शिडाची अडकलेली दोरी सोडवायची होती. छातीच्या कडीला पट्टा अडकवून रांगत गेले तर एक लाट अंगावरून गेली. मला बुडायची नाही, जॅकेट उघडायची भीती वाटली. ते उघडलं नाही, नारळाइतकी ती लाट नेम धरून आली नसावी. पण तुम्ही घेणार असाल तर जरा जास्त पैसे घालून दाबावर उघडणारंच घ्या.

मांड्यांचे पट्टे तिघांनीही लावले होते. कुणी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

परत

विमानात गॅसचं सिलिंडर न्यायला आधी परवानगी काढावी लागते, म्हणून पणजीहून कोल्हापूर आणि तिथून सांगोल्यावरून सोलापूर अशी बसनं आले. अंग दोन दिवस डुलत होतं. वर्गात नकाशा लावला तर त्या भोकाकडं बघून हसूच आलं.

रविवारी वैरागला गेले. आण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी उन्हात वाळत घालायला जॅकेट काढलं, तसं त्यांनी ते मांडीवर घेतलं. मी दाखवलं होतं तसं सिलिंडर चाचपून बघितलं. मांड्यांचे पट्टे ओढून बघितले. त्यांच्यावर मिठाचे पांढरे डाग होते, त्यावरून अंगठा फिरवला.

"उघडलं का कुटं?"

"नाही आण्णा. एकदाही नाही. एवढे पैसे घातले आणि कामच पडलं नाही."

त्यांनी जॅकेटची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले. "दर बारीला आसंच मिटल्यालं परत आन."