आक्काताईंच्या तोटीचे नाव

पाण्याला नेम नसतो. नेम असतो तो पिणाऱ्याला. सांगलीतले हळदीचे व्यापारी नेमिनाथ मगदूम यांच्या मातोश्री आक्काताई यांचा नेम असा, की पाणी प्यावे ते विहिरीचेच, तेही दुहेरी वस्त्राने गाळलेले, आणि ज्याच्या वाटेत कोठेही चामडे लागले आहे त्या पाण्याचा थेंबही ओठाला लावू नये. ऐन तारुण्यात घेतलेला हा नेम सत्तरी उलटली तरी ढळला नव्हता. ढळले ते गुडघे. १९७४ च्या उन्हाळ्यात आक्काताई कळशीसकट विहिरीपाशी पडल्या. सून गुणमाला गरोदर. तिला त्या दोर ओढू देईनात. तेव्हा नेमिनाथांनी साताऱ्याहून नाथाजी फिटरला बोलावून घेतले.

नाथाजी पलटणीतून निवृत्त झालेला, नळजोडणी तेथेच शिकलेला. कुळाने शेतकरी, मगदुमांसारखा जैन नव्हे. पण आक्काताईंचा नेम त्याने हात जोडून, उभ्याने ऐकला, जणू कथाच ऐकतो आहे. विहिरीचे पाणी पंपाने वरच्या टाकीत चढवून खाली आणणाऱ्या साऱ्या नळाला त्याने निवडून रबराचे वायसर घातले. परसातल्या दगडी भिंतीवर चार तोट्या एका ओळीत आल्या. दोन विहिरीच्या, दोन नगरपालिकेच्या. नगरपालिकेच्या तोट्यांत जुने चामड्याचे वायसर तसेच राहिले.

"चारी भैनी एका तोंडवळ्याच्या," नाथाजी म्हणाला. "हातानं वळकू येईस्तवर गळ्यात नाव पायजे."

"कागद चिकटवू या की," नेमिनाथ म्हणाले.

"एका आंगुळीत लगदा हुईल, शेट."

"मग रंगानं लिहा."

"ओल्या भितीवर रंगाचं पोपडं निघत्यात. आमच्या पलटणीत पितळंचं बिल्लं असायचं. चिखलात पडलं तरी नाव ठळक."

त्याने पितळेच्या चकत्या कापल्या. भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून त्यांवर 'विहीर' आणि 'नगरपालिका' अशी खोल अक्षरे कोरून घेतली आणि तांब्याच्या तारेचे आकडे करून एकेक चकती एकेका तोटीच्या मानेत अडकवली. बिल्ला वाचायचा, तोटी सोडायची. आक्काताईंना अक्षर येत नव्हते; त्यांच्यासाठी गुणमाला वाची.

मग पर्युषण आले. पर्वाआधी घरातले पितळ उजळायचे, ही तर घराघरातली रीत. गुणमालेने समया काढल्या, तांबे काढले, पूजेच्या ताटल्या काढल्या. आणि काळवंडलेले चारही बिल्ले काढले. चिंच लावली, राख लावली, उन्हात वाळवले. सोन्यासारखे लखलखणारे ते बिल्ले तिने मोठ्या हौसेने परत अडकवले. अक्षर एकही पुसले नव्हते. जागा मात्र बदलल्या होत्या.

पर्वाच्या मध्यावर एका दुपारी नगरपालिकेचे पाणी गेले, आणि 'विहीर' लिहिलेली तोटी कोरडी पडली. वर विहिरीच्या पाण्याची टाकी तर काठोकाठ भरलेली. बिल्ल्यांची अदलाबदल होऊन आई इतके दिवस नगरपालिकेचे पाणी पीत होती, हे नेमिनाथांच्या ध्यानात आले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"चामड्याचं?" आक्काताईंनी विचारले.

नेमिनाथांनी होकाराची मान हलवली. आक्काताई कोणालाही रागावल्या नाहीत. प्रायश्चित्ताचा उपवास धरला आणि म्हणाल्या, "आता तोटी नगं. मी माझी हिरीवर जाईन."

त्या गुडघ्यांनी? सारे घर त्या एका वाक्याने हादरले. निरोप मिळताच नाथाजी पहिली एसटी धरून आला. गुणमाला दारातच रडू लागली. "दादा, माझ्यामुळं आत्याबाईंचा नेम मोडला. काळं पितळ मला बघवंना."

"पितळ दिसलं की घरची बाई घासणारच, ताई. सुटणारा आकडा कुणी केला? मी. फौजंत बिल्ल्याला कोन चिंच लावतंय? मी तुमचं घर न बघता काम केलं."

त्याने बिल्ले उतरवून बाजूला ठेवले, तोट्या खोलल्या आणि छिन्नी घेऊन तोटीच्या अंगावरच खुणा कोरल्या. विहिरीच्या तोट्यांवर स्वस्तिक, बोट फिरवताच लागेल इतके खोल. मग काळे वायसर आक्काताईंच्या तळहातावर ठेवले. "बगा, रबार."

त्यांनी ते चाचपले, वास घेतला. "आन् ही खूण कुणी काढली तर?"

"तोटीच काढाय लागंल."

"घासली तर?"

"घासा की, रोज घासा."

"आवं, माझ्या सुनंला असं सांगू नगा. तोटी झिजवून पार सुई करंल." आक्काताई हसल्या. पदराने डोळे पुसता पुसता गुणमालाही हसली. त्या थट्टेत क्षमा होती, आणि ती सुनेला पोचली.

उपवास होता, त्या दिवशी आक्काताई पाणी प्याल्या नाहीत. नाथाजीही साताऱ्याला परतला नाही. सकाळी पारण्याच्या वेळी त्या भिंतीशी आल्या. बोटांनी स्वस्तिक शोधले, आपल्या हाताने तोटी सोडली, दुहेरी वस्त्रातून पाणी गाळले आणि पहिला तांब्या नाथाजीपुढे धरला.

"आदी तुमी."

"आवं आक्काताई, म्या फौजंत डबक्याचं बी प्यालोय."

"म्हनून तर. आज गाळलेलं प्या."

तो ओंजळ करून प्याला. मग आक्काताईंनी तांब्या पुन्हा भरला, डोळे मिटून क्षणभर नमस्कार केला, आणि पाणी प्याल्या.