उन्हाकडे पाठ करायला लावणारे नानाजी

नानाजींसमोर फोटोला उभं राहिलं, की ते आधी माणसाला उन्हाकडे पाठ करायला लावत. साकोलीत सगळ्यांना उलटंच ठाऊक होतं. ऊन तोंडावर, तर फोटो साफ. लग्नातली एखादी मामी कुरकुरायचीच, "तोंडं काळी येतील ना जी." नानाजी शांतपणे म्हणत, "उन्हाकडे पाहून कोनी हासत नाही मामी, डोळे मिचकावते. काळं येऊ न देनं माहं काम."

लग्न होऊन मी तुमसरहून साकोलीला आले आणि कॅमेरा शिकायचा म्हणून हायवेवरच्या त्यांच्या स्टुडिओत जाऊ लागले. हळदीला बायकांमध्ये फोटो काढायला त्यांनाही बाईमाणूस हवंच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "कॅमेरा भोळा राहते. मागचं आभाळ पाहून त्याले वाटते लय उजेड हाय, आन् तो डोळा बारीक करते. मंग चेहरा अंधारात जाते. आपन आभाळाले नाही, मानसाले विचारायचं." म्हणून ते माणसाच्या अगदी जवळ जात, चौकटीत फक्त चेहरा भरून उजेडाचं मीटर घेत, आकडे पक्के करत आणि तसेच मागे येऊन फोटो काढत. आभाळ पांढरंफटक यायचं. मी हळहळले, की म्हणत, "आभाळ कोनाच्या घरी टांगाचं हाय?"

एका कार्तिकात जवळच्या गावचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. तिचं नाव प्रणाली. कपाळावर आणि डाव्या गालावर कोडाचे पांढरे डाग. आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर डाग पुसून तिचा फोटो करून दिला होता. तो पाहून मुलाकडचे आले आणि तिला पाहून चहा न घेताच उठले. तरीही वडील चाचरत म्हणाले, "थोडं कमी दिसंन असं करा जी."

"नाही," प्रणाली म्हणाली. "जशी आहो तशीच काढा."

"रंग जरा सारखा करता येईल," मी मध्येच बोलले. नानाजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या गावी गेलो. तलावाच्या पाळीवर चार-साडेचारचं ऊन होतं, खाली धान पिवळं झालेलं. पहिला फोटो नानाजींनी मला काढायला सांगितला. मी घाईत कॅमेरा ऑटोवरच ठेवला. धान सोन्यासारखं आलं आणि प्रणाली नुसती काळी आकृती. तिनं स्क्रीनवर वाकून पाहिलं. "यात डागच दिसत नाही," म्हणाली आणि हसली. ते हसू मला अजून विसरता येत नाही.

नानाजींनी कॅमेरा घेतला. तिच्या सावळ्या गालावरून मीटर घेतलं, तर डाग जळून पांढरा ठिपका. डागावरून घेतलं, तर गाल काळा. ऊन उतरत होतं. मग त्यांनी गळ्यातला पांढरा दुपट्टा काढून वडिलांच्या हाती दिला. "हा दोन्ही हातांनी ताना, पोरीसमोर जरा बाजूले उभे राहा. उजेड तिच्या तोंडावर गेला पाह्यजे. नजर तिच्यावरच ठेवा." दुपट्ट्यावर आदळून ऊन हळूच तिच्या चेहऱ्यावर चढलं. नानाजींनी दोन्ही मीटरांच्या मधोमध आकडे धरले. वडील लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. इतका वेळ सरळ तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलं असेल, असं मला वाटलं नाही.

फोटोत केसांच्या कडेला ऊन चमकत होतं. गाल सावळा होता, डाग डागासारखे होते, डोळे पूर्ण उघडे होते. प्रणालीनं बराच वेळ पाहिलं. "हे मीच आहो," ती म्हणाली. वडील म्हणाले, "मोठा करून द्या जी. भिंतीवर लावतो."

तीन वर्षांनी तिचा फोन आला. तोच फोटो तिनं स्वतः एका मुलाला पाठवला होता आणि लग्न ठरलं होतं. फोटोला नानाजीच हवेत, असा तिचा हट्ट होता. पण तोवर काचबिंदूनं त्यांची नजर बरीचशी नेली होती. "तू जा," ते मला म्हणाले. "मी काय आता आवाज ऐकून फोटो काढू?"

मी गेले. उतरत्या दुपारी अंगणात, नवरा-नवरीच्या मागे ऊन ठेवून फोटो काढले. छापून आल्यावर नानाजींना दाखवायला नेले. उजव्या डोळ्याला अजून थोडं दिसायचं. फोटो त्या डोळ्याजवळ नेऊन ते तो इंचाइंचानं सरकवत राहिले. मी म्हटलं, "आभाळ जरा जास्तच पांढरं उडालं." त्यांचं लक्षच नव्हतं.

"पोरगी खुश हाय," एवढंच ते म्हणाले.

पुढे त्यांची मुलगी त्यांना जवाहरनगरला आपल्या फॅक्टरीच्या क्वार्टरवर घेऊन गेली. संसारात आणि लग्नसराईत अडकून माझं तिकडे दोनदाच जाणं झालं. गेल्या पावसाळ्यात नानाजी वारले. मला कळवलं ते प्रणालीनं. दर दिवाळीला ती नवऱ्याला घेऊन त्यांना भेटायला जात होती, हे मला त्या फोनवर कळलं.