कापडाची गर्भपिशवी

पाचोडच्या अलीकडं रस्त्यापासून आत एक भिल्लवस्ती आहे. तीनेक वर्षांपूर्वी मी तिथं बायकांच्या बैठका घ्यायला जायला लागले. मी शहरातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. बायकांना पाळी, गर्भपिशवी, बाळंतपण यांबद्दल सांगायचं, हे माझं काम. पहिल्या बैठकीला मी भिंतीवर लावायचा मोठा तक्ता नेला होता. त्यात बाईचं पोट मधोमध कापून दाखवलं होतं. बायका तासभर गप्प बसल्या. शेवटी एकीनं विचारलं, "ताई, हिला कुणी मारलं?"

तक्ता गुंडाळून मी परत आले आणि ठरवलं, हातात घेऊन बघता येईल अशी कापडाची गर्भपिशवी शिवून घ्यायची.

शहागंजात उशा-गाद्या शिवणारे एक चाचा आहेत. आमच्या घरातल्या सगळ्या रजया त्यांच्याच हातच्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यामुळं मला मोकळं बोलवेना. मी कागदावर काढलेलं चित्र पुढं केलं. चाचांनी चष्मा वर करून ते पाहिलं.

"ये क्या है बाजी? बैल का मुंडका?"

"नाही चाचा, पिशवी आहे," मी म्हणाले.

"थैली. अच्छा. कितना वजन उठाती?"

विचारलंच आहे तर खरं सांगावं म्हणून मी म्हणाले, "तीन-साडेतीन किलो."

"तो फिर दोहरी सिलाई मारताऊँ. पकडने के बंद किधर लगाना?"

मी घाम पुसत होते. आतल्या खोलीत चाचांची बायको कापूस पिंजत बसली होती. ती पडद्याआडून बाहेर आली, चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मैं चाय पीके आताऊँ," म्हणाले आणि गेले. गिऱ्हाइकंही त्यांच्या मागं उठली. पिशवी शिवून होईपर्यंत चाचा परत आले नाहीत.

चाचीनं काम मन लावून केलं. लाल साटीन, आत गुलाबी अस्तर, दोन बाजूंना दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला बीजकोषांसाठी कापसाचे दोन गोळे. आत बघता यावं म्हणून मधोमध चेन लावली. टांगायला वर एक नाडीही दिली. फक्त कापूस भरताना तिचा हात सैल सुटला आणि पिशवी चांगली लोडाएवढी झाली.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन पाचोडच्या एसटीत बसले. कुठल्याच बॅगेत ती मावत नव्हती, म्हणून मांडीवर घेतली होती. शेजारी धोतर-टोपीतले एक म्हातारबाबा होते. चिकलठाणा मागं पडलं तसे ते पेंगायला लागले.

"बाई, ती उशी जरा द्या बरं. मान अवघडली."

काय आहे ते सांगायला मी तोंड उघडलं, पण पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळून बघत होते. मी पिशवी देऊन टाकली. बाबांनी ती खिडकीला टेकवली, एक नळी गळ्याभोवती नीट घेतली आणि आडूळ येईपर्यंत शांत घोरत राहिले. उतरताना म्हणाले, "लई मऊ हाय. कुठनं घेतली? आमच्या म्हातारीला बी एक घेतो."

"त्यांच्याकडं असेल की बाबा," मी म्हणाले.

"नाय वो. तिच्याकडं नुसतं गठुडं हाय चिंध्याचं."

वस्तीवर गावातली आशाताई आधीच येऊन थांबली होती. कापूस वेचून आलेल्या पंधरा-वीस बायका लिंबाखाली जमल्या होत्या. मी नाडीनं पिशवी फांदीला टांगली आणि बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच वस्तीतली म्हातारी सुईण उठली. तिथली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिनं पिशवी फांदीवरून काढली, उलटी केली आणि माझ्या हातात दिली.

"तोंड खाली असतंय, बाई. अशी टांगली तर पोरगं वरून उडी मारंल."

चाचीनं नाडी भलत्या टोकाला शिवली होती आणि इतकी वर्षं हेच शिकवणाऱ्या माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी बायका पहिल्यांदा हसल्या.

मग पिशवी हातोहात फिरली. वस्तीतल्या चौघींची पिशवी तिशी-पस्तिशीतच काढून टाकलेली होती. ऊसतोडीला जायचं, पाळीची कटकट नको, डॉक्टर म्हणाला, काढली. त्यांतल्या एकीनं ती मांडीवर घेतली, अस्तरावरून हात फिरवला आणि पुढं दिली.

पुढं हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती, असेल तिशीची. ती म्हणाली, "माझी कितपत सडलीय ते ह्यात दाखवा."

"सडली असं कोण म्हणालं?"

"डॉक्टर. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतीय म्हणून गेलते. म्हणला, काढून टाक, नायतर क्यान्सर व्हईल. दिवाळीच्या आत उरकायचं हाय, मग तोडीला जायचंय."

मी तिला सांगितलं, की एवढ्यासाठी लगेच पिशवी काढत नाहीत. आधी नीट तपासतात, बहुतेकदा औषधानं बरं होतं. तिचा विश्वास बसेना. तिनं पिशवी ओढून घेतली, चेन उघडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हाताला काहीतरी लागलं. ती ओढत गेली, तशी आतून पिवळी, आकडे छापलेली लांबच लांब पट्टी बाहेर यायला लागली. चाचांची मापाची टेप चाचीच्या हातून आतच राहिली होती.

सगळ्यांच्या माना पुढं आल्या. सुईण शांतपणे म्हणाली, "नाळ बी संगंच दिली व्हय."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. एक बाई हसता हसता मागं कलंडली. आशाताईच्या डोळ्यांतून पाणी. मी दोनदा 'आता ऐका' म्हणाले आणि दोन्ही वेळा मलाच हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर सुईणीनं विचारलं, "पण एवढी मोठी कुणाची असती? ही म्हशीची दिसतीय."

मी म्हणाले, "खरी आपल्या मुठीएवढी असते." सगळ्याजणी आपापली मूठ वळून बघायला लागल्या. हिरव्या लुगड्यातलीही बघत होती. "एवढीशी?" ती म्हणाली. "मग काढायच्या आधी एकदा दाखवूनच येते."

पुढच्या आठवड्यात मी तिला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सुईणही हट्टानं बरोबर आली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी धडधाकट होती. आत जंतू झाले होते, एवढंच. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "ह्याच गोळ्या नवऱ्यालाही घ्यायच्या. नाहीतर परत होईल."

नवरा दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली बसला होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी. मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पण ताई, मला कुठं पिशवी हाय?"

मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्याची बायको जमिनीकडं बघत पदरात हसत होती. शेवटी तो तयार झाला, पण गोळी गिळता येईना. पाण्याबरोबर घेतली, पाणी गेलं, गोळी जिभेवर. तीनदा असंच. मग सुईणीनं समोरच्या गाडीवरून केळं आणलं, त्यात गोळी खुपसली आणि म्हणाली, "आ कर." त्यानं आ केला. गिळल्यावर तो दोन्ही हात पोटावर ठेवून बराच वेळ तसाच बसला. "काय व्हतंय का?" बायकोनं विचारलं. "अजून तरी नाय," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी ती तपासून घ्यायला परत आली. पांढरं जायचं थांबलं होतं, कंबर दुखायचीही राहिली होती. दिवाळीनंतर सगळी टोळी कारखान्याकडं निघून गेली, तीही गेली, स्वतःच्या पिशवीसकट.

थंडीत एकदा दुपारी तिचा फोन आला. पाळी आली होती आणि मुकादमाला सरळ सांगून ती एक दिवस खोपीवर बसली होती. हे सांगताना ती जरा तोऱ्यातच होती. मग नवऱ्यानं फोन घेतला.

"ताई, त्या गोळ्यांनी माझं गुडघं दुखायचं बी थांबलं. आणखी धाडता का?"

मी म्हणाले, त्या गोळ्यांचा गुडघ्याशी काही संबंध नाही.

"असंल," तो म्हणाला. "पण मुकादमाचं बी गुडघं दुखत्यात. त्याला मी सांगून ठेवलंय, बायकोला घेऊन तुमच्याकडं जा म्हणून."