बाकी नेहमीसारखं नॉर्मल

त्या डॉक्टरला मी कधी पाहिलं नाही, पण तो कुठल्या बाजूच्या दाढांनी चावतो ते मी सांगू शकले असते. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात पेशंट तपासून झाला की जिना उतरता उतरता, तोंडात काहीतरी कोंबून, तो त्या पेशंटचा रिपोर्ट रेकॉर्डरवर बोलायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज उल्हासनगरात, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, माझ्या कानात यायचा आणि मी तो टाइप करायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. या कामाला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात हे बदलापूरजवळच्या आमच्या सोनिवलीत कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोर डाक्टरांचा बोलना लिवते." त्यावर शेजारणी मला माझी तब्येत विचारायच्या.

मला ती नोकरी नुसती हवी नव्हती. माझी मुलगी तिच्यावर अडकली होती.

मुलगी सहा वर्षांची. तिला घेऊन मी शहाडचं सासर सोडलं होतं. का सोडलं ते इथे सांगत बसत नाही, अंगावरचे वळ गेले, तेवढं पुरे. नवऱ्याने कल्याणच्या कोर्टात मुलीचा ताबा मागितला होता. तिच्यावर जीव होता म्हणून नव्हे. आजारपण तिच्या पाचवीलाच पुजलेलं, पण हा तिच्या उशाशी एकदाही बसला नव्हता. पण मला माघारी खेचायला त्याच्या हातात तेवढी एकच दोरी उरली होती. अर्जात लिहिलं होतं की बाईला उत्पन्न नाही, भावाच्या आधारावर राहते, मुलीचं पालनपोषण कसं करणार. माझे वकील म्हातारे आणि तिरसट होते. ते म्हणाले, "बाई, ट्रायलवर आहे असं सांगाल तर समोरचा तुमची सालटी काढेल. पुढच्या तारखेला नोकरी पक्की झाल्याचं पत्र आणा. नाहीतर मी काही बोलू शकत नाही."

ट्रायल तीन महिन्यांची. ती संपत होती एका शुक्रवारी आणि तारीख होती त्याच्या पुढच्या सोमवारी. मी हे गणित इतक्या वेळा केलं होतं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, बारा कॉम्प्युटर आणि पायाखाली प्रत्येकाचं एकेक पेडल. चवडा दाबला की डॉक्टर बोलतो, टाच दाबली की मागे जातो. खाली शिलाई मशिनं चालू झाली की फरशी थरथरायची आणि ती थरथर पेडलमधून थेट पायात, पायातून डोक्यात. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. तेवढा एक दिवस नीट ऐकू यायचं. बाकीचे पाच दिवस आम्ही हेडफोनवर दोन्ही हात दाबून, डोळे मिटून बसायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे बारा जणांचं एकदम डोकं दुखतंय.

डॉक्टर लोक पूर्ण शब्द बोलायला पैसे पडतात अशा थाटात नुसती अक्षरं फेकायचे. एम एस म्हटलं तर ते हृदयाच्या झडपेचं दुखणं, की मज्जातंतूंचं, की दुखणं थांबवणारं औषध, हे पुढचंमागचं वाचून ठरवायचं. पुढचं म्हणजे चावण्याचा आवाज आणि मागचं म्हणजे लिफ्टची घंटा. जाडजूड डिक्शनरी शेठने एकच आणली होती, तिच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग. शेठ सिंधी, आधी कापडाचा धंदा होता, मनाने वाईट नव्हता. पण त्याला ब्लँकचा भयंकर राग. न कळलेल्या शब्दाच्या जागी रेघ ओढून सोडायची आणि टेपवरची वेळ लिहायची, त्याला ब्लँक म्हणायचे. एका पानावर दोनांपेक्षा जास्त ब्लँक आले की फाइल परत. "बेटी, कपडे में छेद चलता है क्या?" असं तो मला विचारायचा. मी मान हलवायची.

आमच्यात एक रीत होती. कुणाचं अडलं की तो शेजाऱ्याला म्हणायचा, "जरा कान दे ना." शेजारी आपलं काम थांबवून त्याचा हेडफोन घालायचा, तीनदा ऐकायचा, नाही कळलं तर पुढच्याकडे. पाच जणांनी हात टेकले तरच ब्लँक सोडायचा. मोठी चांगली रीत होती, पण ट्रायलवरच्यांची नावं पक्की व्हायची वेळ आली की कान आटायचे. आम्ही तिघी ट्रायलवर होतो आणि घेणार एकीलाच होते. शेवटच्या महिन्यात मी "कान दे" म्हटलं की त्या दोघींना नेमकी तेव्हाच बाथरूमला लागायची. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. एकीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, तरी मी टाइप करतच राहिले.

आणि त्या चावणाऱ्या डॉक्टरला कुणी हात लावायचं नाही, म्हणून तो माझ्या गळ्यात. पहिले पंधरा दिवस मी रोज रडले. मग चिडले. एका वहीत त्याच्या सगळ्या खोडी लिहायला घेतल्या: जिन्यावर असला की कुठली अक्षरं गिळतो, तोंडात घास असला की कुठली, कुठल्या औषधाचं नाव अर्धंच बोलतो. महिन्याभरात मला तो असा कळायला लागला की नवरा सात वर्षांत कळला नव्हता. आणि त्याची एक सवय तर माझ्या फायद्याचीच होती. पेशंटला काय होतंय ते सांगून झालं की तो म्हणायचा, बाकी तपासणी नेहमीसारखी नॉर्मल. एवढंच. ते ऐकलं की टाइप करणाऱ्याने त्या डॉक्टरचा नॉर्मलचा ठरलेला परिच्छेद तिथे टाकायचा. डोळे, मान, छाती, पोट, हात, पाय, सगळं ठीक. प्रत्येक डॉक्टरचा असा परिच्छेद आम्ही कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवला होता. दोन बटणं दाबली की दहा ओळी पडायच्या. ही काही चोरी नव्हती, ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं.

आमच्या फाइली वाटायच्या आणि तपासायच्या सिस्टर; कुठला डॉक्टर कुणाकडे ते शेठ विचारत नसे. हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, अंबरनाथला एकट्या राहायच्या, सगळं आयुष्य वॉर्डात गेलेलं. आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. त्या प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायच्या, एक कान हेडफोनमध्ये आणि एक आमच्यावर. ट्रायलवरच्यांचं नाव फाइलवर जात नसे. तिथे तपासणाऱ्याची सही जायची. त्या मला म्हणायच्या, "पोरी, कळलं नाही तर रेघ ओढ. रेघेने कुणी मरत नाही." शेठच्या नेमकं उलट. मुलीला शाळेतून आणायला तीनला मला पिटाळायच्या त्याच. माझी तारीख त्यांना मीच सांगितली होती, डबा खाताना. त्यांनी आपल्या डब्यातलं सुकट माझ्या डब्यात सरकवलं.

शेवटचा शुक्रवार आला. मशिनं बंद. खोली इतकी शांत की दुसऱ्याच्या हेडफोनमधला डॉक्टरही ऐकू यावा. शेवटची फाइल त्याचीच होती. एक बाई, साखरेची पेशंट, डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. जखम भरली आहे, आता विमा कंपनीने तिला कृत्रिम पाय मंजूर करावा, म्हणून हा रिपोर्ट. मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्या दिवशी तो चावतही नव्हता. मी पाय कापल्याचं नीट लिहिलं, कधी, का, जखम कशी आहे, सगळं. शेवटी तो म्हणाला, बाकी नेहमीसारखं नॉर्मल. मी दोन बटणं दाबली.

एकही ब्लँक नव्हता. मी फाइल सिस्टरांकडे नेली. त्यांनी पानं वरखाली केली, रेघ कुठेच नाही हे पाहिलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "आज मी ऐकत नाही. शेठ तीनला निघतो, जाऊन पत्र घे." आणि सही केली. त्यांनी तसं कधीच केलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी शेठच्या केबिनकडे धावले.

पत्र मिळालं. घरी आल्यावर मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं, मग तिथे उंदीर लागेल म्हणून कपाटात, मग भाऊ काहीतरी शोधताना चुरगाळेल म्हणून उशीखाली. आई म्हणाली, "आगो, आता एकदा गप बस." त्या रात्री मी दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवारी सकाळी मुलीला ओट्यावर बसवून तिच्या पायांची नखं कापत होते. ती पाय हलवत होती, मी ओरडत होते. एका पायाची झाली तशी तिने तो मागे घेतला, दुसरा पुढे केला आणि म्हणाली, "आता हा पाय."

माझ्या हातातला नेलकटर तसाच राहिला. तो परिच्छेद मला तोंडपाठ होता. दोन्ही पायांना सूज नाही. दोन्ही पावलांची नाडी व्यवस्थित लागते. पाय कापलेल्या बाईच्या रिपोर्टात मी तिला दोन्ही पाय, सुजेशिवाय, नाडीसकट, देऊन टाकले होते. आणि तोच रिपोर्ट विमा कंपनीत जाऊन तिच्यासाठी पाय मागणार होता.

आता खरं सांगते. माझ्याकडे तो अख्खा रविवार होता. सिस्टरांचं घर मला माहीत होतं, बदलापूरहून अंबरनाथ किती लांब? तिकडे शनिवार-रविवार सुट्टी, आमच्या शुक्रवारच्या फाइली ते सोमवारीच उघडायचे. सोमवारी तिकडचं ऑफिस उघडायच्या आत दुरुस्ती गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं होतं. मी घाबरले नव्हते असं नाही, पण घाबरून काही सुचलं नाही असंही नाही. मी हिशोबाने गप्प बसले. शेठला कळलं आणि त्याने पत्र परत मागितलं तर? सोमवारी कोर्टात त्याने फोनवर नाही म्हणून सांगितलं तर? ती बाई मी कधी पाहिली नव्हती. माझी मुलगी समोर बसून पाय नाचवत होती. मी दुसऱ्या पायाची नखं कापली.

सोमवारी वकिलांनी पत्र पुढे केलं. समोरच्या वकिलाने ते उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. मुलगी माझ्याकडेच राहील, बापाने महिन्यातून दोन रविवार भेटावं, असा हुकूम झाला. नवरा माझ्याकडे न बघता निघून गेला. बाहेर आल्यावर मी एका चहाच्या टपरीमागे जाऊन ओकले. वकिलांना वाटलं, आनंदाने झालं असेल.

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी फाइल उघडली. वाचली. मग हेडफोन घातला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं, जे शुक्रवारी करायचं राहिलं होतं ते. हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "कधी लक्षात आलं?"

मी म्हटलं, "रविवारी."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोर्टाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, दुरुस्ती टाइप केली आणि पाठवून दिली. मी म्हटलं, सिस्टर, मी शेठला सांगते. त्या म्हणाल्या, "काम कर."

दुरुस्ती उशिरा पोचली. पंधरा-वीस दिवसांनी तिकडून फॅक्स आला. विमा कंपनीने अर्ज फेटाळला होता, रिपोर्टच म्हणतो पाय आहेत म्हणून. डॉक्टर भडकला होता आणि हे कुणी केलं ते त्याला हवं होतं, नाहीतर त्याचं काम दुसरीकडे. शेठने दुपारी सगळ्यांना खोलीच्या मध्ये उभं केलं. फॅक्सचा कागद त्याने आमच्यासमोर धरला. "एक टांग की औरत को दो टांगें दे दीं! ये किसने किया? बोलो!"

खाली मशिनं चालू होती. माझ्या जिभेवर आलं होतं. मी शपथेवर सांगते, आलं होतं.

"सही माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी न ऐकता पास केली."

"लेकिन टाइप किसने किया?"

"शेठ, तपासायचं काम माझं. मी तपासलं नाही. बस्स झालं."

शेठ आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी खाली बघितलं. तो पुढे गेला.

शेठने सिस्टरांना कामावरून काढलं. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी, बसायची उशी. पिशवीत भरायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकीच्या मुली त्यांच्याभोवती जमल्या होत्या, कुणी रडत होतं. मी माझ्या खुर्चीतच होते. उठले असते तर मला बोलावं लागलं असतं. त्या दाराशी जाऊन थांबल्या, वळल्या आणि सगळ्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात, मला म्हणाल्या, "तीन वाजून गेले की गं. मुलीला शाळेतून आणायचंय ना तुला? मग बसलीस काय? जा."

मी पर्स उचलली आणि गेले.