खुर्चीखाली बघणारी बाई

देशानं पुढं कशावर संशोधन करावं, याबद्दल लोकांची मतं ऐकायला शाहूपुरीतल्या एका हॉलात सभा होती. माझ्या शेजारची बाई आधी खुर्चीखाली वाकून बघून मगच बसली. मला वाटलं, काहीतरी पडलं असेल.

तासभर सगळे उपग्रह आणि ड्रोनवरच बोलत होते. मग तिनं माइक घेतला.

"मी राधानगरीकडची हाय. आमच्या रानात चावतोय त्या सापावर लागू पडंल असं औषध काढा. माझ्या लेकीला दवाखान्यात इंजेक्शन दिलं, पर लागूच पडलं न्हाय."

मंचावरचे साहेब हळू आवाजात म्हणाले, "मावशी, अशा संशोधनाला वर्षं लागतात."

"लागू देत की. आमची घाई संपली, सायेब. दुसऱ्याच्या लेकीला तर मिळंल."

ती जागेवर आली. पुन्हा खुर्चीखाली वाकून बघितलं आणि मगच टेकली.