खाणाऱ्याला न दिसणारं तेल

वसईत कोळ्यांपासून ख्रिस्ती शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या चुलीपाशी बेधडक पोचलेला माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी कंपाउंडरकाका. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवाकडे वळतात, हे तेलाकडे वळले. कुठल्या पदार्थात किती तेल दडलंय, हे हुडकण्याचा त्यांना छंदच जडला. समोर आलेला पदार्थ ते तोंडात घालण्याआधी खाकी कागदावर दाबत, कागद वाळवत आणि उजेडासमोर धरत. पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा राहतो! नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरून आलेले मैद्याचे गोल तळलेले फुगे त्यांनी असे दाबले, की खाताना चपात्याच वाटल्या. अर्नाळ्याच्या एका कोळणीचा बांगडा दाबला, तेव्हा ती कडाडली, "अवो, पानी हाय ते! म्हावऱ्याला त्याल कुठनं येल?"

"बाई, याला दर्यानंच तेल पाजून पाठवलंय," काका म्हणाले, आणि चार बांगडे घेऊन घरी आले.

आम्ही हसायचो. पण स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी वडिलांना पित्ताशयाचं दुखणं जडलं. डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलं. आईनं फोडणीसुद्धा सोडली, तरी जेवण झालं की वडील पोट धरून कळवळत. "चोरून तूप घालत असशील," आत्या एकदा बोलून गेली. आई दिवसभर जेवली नाही.

हे कळताच काका आले. वडिलांच्या ताटातली चटणी, आमटी, केळफुलाची भाजी त्यांनी कागदावर घेतली. तिन्ही कागद वाळल्यावरही चमकत राहिले.

"वहिनी, यात घालता काय?"

"खोबरं, दाण्याचं कूट," आई चाचरत म्हणाली. "तेल नाही म्हणून दुप्पट घालते. बेचव अन्न यांच्या घशाखाली उतरत नाही हो."

काका कागद गोळा करून उठले. मग आत्याकडे वळले. "ताई, हिनं चोरून काही घातलं नाही. माया घातली, ती जरा तेलकट निघाली."

आत्याची मान खाली गेली. खोबरं आणि कूट बंद झालं आणि वडिलांचं दुखणं हळूहळू ओसरलं.

पुढे काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. निघताना आईनं भर रस्त्यात त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा हा बडबड्या माणूस नुसता "अहो वहिनी, अहो..." करत राहिला. मला मात्र आभाराचा शब्दही सुचला नाही. बऱ्याच वर्षांनी वडील माझ्या मुलीला बोटाला धरून बाजारात घेऊन गेले, त्या दिवशी मी काकांना पत्र लिहायला बसलो. चांगलं चार पानी झालं. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं: "बाबा गेल्या श्रावणात गेले. पत्र त्यांच्या फोटोसमोर वाचलं."